पहिल्या बाकासमोर

१२ जानेवारी

दादा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, तेव्हा माझ्या नावाने दोन-चार वेळा बोटं मोडून झाली असतील. तुझ्या बंदरावरच्या प्रशिक्षण केंद्रात ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायला माणूस हवाय, राहायला दोन खोल्या देतात, तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. हे सगळं तू एकाच पत्रात दोनदा लिहिलंस, त्यावरून तुला किती वाटतंय ते कळलं. मलाही मोह होतोय. इथल्या शाळेत सोळा वर्षं झाली. फळा तोच, खुर्ची तीच, मुख्याध्यापकांचा खोकलासुद्धा तोच.

पण आज मी वेगळंच सांगायला बसलेय. इथे कोणाला सांगता येत नाही. तू चर्चची पायरी सोडून पंचवीस वर्षं झाली, तेव्हा निदान तू तरी मला वचनं ऐकवणार नाहीस.

माझी प्रार्थना आटलीय. चौदा महिने झाले. आई गेली तेव्हा नाही. तेव्हा उलट कोणीतरी हाताला धरून चालवतंय असं वाटायचं. काही घडलं असतं तर त्याच्यावर बोट तरी ठेवता आलं असतं. एका साध्या मंगळवारी शाळेतून आले, चपला काढल्या, नेहमीच्या खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि समोर नुसती भिंत. बुधवारी भिंत. मग रोजच.

तरी दर रविवारी मी व्यासपीठाच्या डाव्या हाताला त्या लाकडी खोक्यावर उभी राहते. नऊ वर्षांची असताना बाबांनी मला त्यावर चढवलं, कारण बाबा मंडळीचे पाळक, आणि त्यांच्या उपदेशातलं अक्षरही त्यांच्याच बायकोला ऐकू यायचं नाही. एकट्या आईसाठी सुरू झालं. मग सुतारबाबा आले, शिंपीणबाई आल्या. आता आई नाही, पण पहिल्या दोन बाकांवर सातजण असतात. नवे पाळकसाहेब तोंडाने सांगतात, मी हातांनी. ते 'आनंद करा' म्हणाले की माझे हात आनंद करतात. घरी येते तेव्हा वाटतं, आपण लबाड आहोत.

मी काय करू?

तुझी,
ठमी


२४ जानेवारी

ठमे,

एका शब्दात सांगतो. सोड.

तू विचारलंस म्हणून सांगतोय, नाहीतर माझं तोंड या बाबतीत मी बंदच ठेवतो. आम्ही गोदीत जहाजाच्या पत्र्याला जोड देतो. आतून जोड पकडलेला नसेल तर वरून कितीही सफाईदार दिसला तरी साहेब तो कापायला लावतो, आणि बरोबर करतो. चौदा महिने तुझा जोड आतून सुटलाय आणि वरून तू रंग देतेयस. कोणासाठी? आईसाठी होतं, आई गेली. बाबांसाठी होतं, ते तर आधीच गेले. आता ते नुसतं ढोंग आहे, आणि ढोंग तुला कधीच जमलं नाही. लहानपणी साखर खाल्लीस की आधी तुझे कान लाल व्हायचे.

मी का सोडलं ते तुला ठाऊक आहे. बाहेरगावचा तो प्रवचनकार आला होता. सगळ्या मंडळीसमोर आईला पुढे बोलावलं, तिच्या दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडला. काहीच झालं नाही, तेव्हा म्हणाला की या बाईचा विश्वास कमी पडतो. मी सोळा वर्षांचा होतो. बाबा तिथेच उभे होते आणि गप्प राहिले. आईने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मला अजून दिसते. पुढच्या रविवारी मी गेलो नाही, त्यानंतरही नाही. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

तू इथे ये. मुलांना शिकव. रविवारी उशिरा उठ. केंद्राच्या बाईंना मी तुझ्याबद्दल बोललोय.

दादा


१० फेब्रुवारी

दादा,

तुझ्या पत्राचा राग आला नाही, हे आधी सांगते. दोनदा वाचलं आणि वाटलं, तू म्हणतोस ते खरं आहे. म्हणून पाळकसाहेबांना भेटायला गेले. आपल्याहून बरेच लहान आहेत. मला वाटलं होतं समजूत घालतील, नाहीतर एखादं पुस्तक देतील. त्यांनी ऐकून घेतलं, बराच वेळ चष्मा पुसला आणि म्हणाले की तुम्ही ठरवाल तसं. फक्त त्या सातजणांना हे मी सांगणार नाही, तुम्ही सांगा.

ते अवघड होतं. आठवडाभर आरशासमोर वाक्यं जुळवली. रविवारी खोक्यावर चढले तर पहिल्या बाकावर सुतारबाबांची जागा रिकामी. शिंपीणबाईंनी खूण केली: पडला, दवाखाना.

उपासना संपताच धावले. अर्धांगाचा झटका. डावी बाजू गेलेली. आणि उजव्या हातात सलाईन लावून, सुई निसटू नये म्हणून तो हात पलंगाच्या दांड्याला पट्टीने बांधून ठेवलेला. दादा, तुला सांगायला नको याचा अर्थ. त्या माणसाचा एक हात झटक्याने नेला आणि दुसरा नर्सने बांधला. चार दिवस ते तिथे तोंडात बोळा कोंबल्यासारखे पडून होते. डॉक्टर त्यांच्या कानाशी वाकून मोठमोठ्याने विचारत होते, दुखतंय का.

मी नर्सशी भांडले. मला भांडता येतं हे मलाच नवं होतं. शेवटी थोरल्या नर्सबाई आल्या, त्यांना उमगलं, त्यांनी सलाईन दुसरीकडे हलवलं. हात मोकळा झाल्यावर पहिली खूण काय केली असेल त्यांनी? पाणी नाही, दुखतंय नाही. भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, ती खिडकी वाकडी बसवलीय, कोणी केलं हे काम?

आता शाळा सुटली की रोज जाते. डॉक्टरांचं त्यांना सांगायला आणि त्यांचं डॉक्टरांना. बाकीच्या सहांना माझं सांगायचं तसंच राहिलं.

ठमी


१९ फेब्रुवारी

ठमे,

सुतारबाबांचं वाचून जेवण गेलं नाही. आपल्या घराचं दार त्यांनीच बसवलं होतं. कानावर पेन्सिल ठेवल्यासारखी खूण, तेच त्यांचं नाव, आठवतं मला. त्यांना माझं सांग.

दवाखान्याचं करतेयस ते चांगलंच करतेयस. पण ते काम आहे, चर्च नव्हे. दोन्हींची गल्लत करू नकोस. केंद्राच्या बाईंना मार्चअखेर उत्तर हवंय.

दादा


५ मार्च

दादा,

हे पत्र लांबेल. काम उरकून बस.

गुरुवारी दुपारी पाळकसाहेब सुतारबाबांसाठी प्रार्थना करायला आले. ते पायथ्याशी उभे राहिले, मी उशाशी. त्यांनी सुरुवात केली, मी हातांनी सांगू लागले. दोन-तीन वाक्यं झाली असतील. सुतारबाबांनी हात वर केला. थांब. मला वाटलं पाणी हवंय. नाही म्हणाले. मग त्या एका हाताने, सावकाश, कारण बोटं अजून थरथरतात, मला म्हणाले,

"तुझा चेहरा गप्प आहे."

तुला कळेल. आपल्या भाषेत निम्मं बोलणं चेहऱ्यावर असतं. हात आनंद म्हणाले आणि भुवई जागची हलली नाही, तर समोरच्याला ते किराण्याची यादी वाचल्यासारखं दिसतं. मी म्हटलं, दमलेय. त्यांनी मान हलवली. म्हणाले, वर्ष उलटून गेलं. आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

मी इतके महिने ज्यांच्यापासून लपवत होते ते सातहीजण पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच बघत बसलेले. त्यांना दुसरं बघायला होतंच काय? ऐकणाऱ्या दीडशे लोकांना काही कळलं नाही, कारण ते पाळकसाहेबांकडे बघतात. मला इतकी लाज वाटली की मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, मी बोलते आणि पलीकडून काही ऐकू येत नाही. भिंत आहे.

दादा, ते हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले.

"मला साठ वर्षं काही ऐकू आलं नाही. मी बाक सोडला का?"

ते पुढे म्हणाले, माझे वडील रोज माझ्याशी बोलायचे, तोंड हलताना दिसायचं, मला एक शब्द कळला नाही. म्हणून काय मला वडील नव्हते?

पाळकसाहेब बिचारे आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. मी रडत होते आणि पेशंट हसत होता, त्यांनी काय समजायचं. मी त्यांना सगळं सांगितलं, लपवाछपवी न करता. ते मटकन स्टुलावर बसले.

मग मी सुतारबाबांना विचारलं, कळलं होतं तर एकानेही विचारलं का नाही? त्यांना प्रश्नच नीट समजला नाही. म्हणाले, तू येत होतीस. येणाऱ्याला काय विचारायचं? आम्ही वार वाटून घेतले. सोमवार शिंपीणबाईंचा, मंगळवार धोब्याचा, बुधवार माझा, असे सात. त्या त्या वारी ज्याने त्याने माझ्यासाठी प्रार्थना करायची. वर्षभर चाललंय हे. इथे पडल्यापासून मात्र चार बुधवार हुकले, म्हणाले, कारण पहिल्या बुधवारी हात बांधलेला होता आणि नंतर औषधाने झोप यायची. त्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली.

आता तुझ्यासाठी. मी त्यांना तुझं आणि त्या प्रवचनकाराचं विचारलं, कारण ते त्या दिवशी तिथे होते. मान खाली घातली होती ते खरं. पण का, ते तू बाजूने पाहिलंस, त्यांनी समोरून. आई हसू दाबत होती. बाहेर आल्यावर जिन्याखाली ती त्या सगळ्यांना म्हणाली, या माणसाला वाटतं देव माझ्या कानाबाहेर अडकून पडलाय. आणि आपले बाबा गप्प राहिले कारण तिने पाठीमागून त्यांच्या कोटाला धरून ओढलं होतं, भांडू नको म्हणून. पुढच्या रविवारी ती पहिल्या बाकावर होती. तू नव्हतास. त्याचं मात्र तिला हसू आलं नाही.

हे तुला दुखवायला लिहिलेलं नाही. मलाच माहीत नव्हतं.

ठमी


१७ मार्च

ठमे,

पत्र येऊन आठ दिवस झाले. खिशात घेऊन फिरतोय, घामाने शाई पसरलीय.

पंचवीस वर्षं मी आईच्या वतीने रागावून बसलो आणि तिला एकदाही विचारलं नाही. विचारायला दोन हात पुरले असते.

आणखी एक सांगतो, म्हणजे हिशेब नव्हे, पण तुझ्यासमोर खरं असावं म्हणून. आईच्या शेवटच्या आजारात मला दोन दिवसांपेक्षा जास्त रजा मिळाली नाही असं कळवलं होतं. मिळाली होती. दोन दिवस येऊन गेलो त्यातही हात खिशातून काढले नाहीत. ती बोलायची आणि मी मान डोलवायचो. मला भीती वाटत होती की हात बाहेर काढले तर ती विचारेल, का सोडलंस. तू तेव्हा सगळं बघत होतीस आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस. आणि मी तुला ढोंगी म्हणालो.

तो शब्द मी मागे घेतो. नुसता मागे घेत नाही. मला आठवेना की मी आयुष्यात कुठली गोष्ट फळ दिसत नसताना सव्वा वर्ष केली. मला एक महिनाही जमला नसता. आनंद असताना कोणीही उभं राहतं. तू काही मिळत नसताना दर रविवारी, केस विंचरून, वेळेवर, त्यांच्यासाठी उभी राहिलीस. मला देवाचं काही कळत नाही, पण टिकाऊपणा म्हणजे काय ते माझ्या धंद्यात कळतं. आधीच्या पत्रात मी तुझा जोड सुटलाय म्हणालो होतो. सुटलेला जोड एवढा भार घेत नाही.

एक विचारायचंय. नऊ वर्षांची असल्यापासून तू एकदा तरी बाकावर बसलीयस का? इतरांना वाढणारी बाई उभ्यानेच जेवते, तसं झालंय तुझं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मला सुट्टी आहे. मी येतो. एक रविवार मी खोक्यावर चढतो, तू बस. मी विश्वासात आलोय वगैरे समजू नकोस. हात माझे, शब्द त्या पाळकांचे, एवढंच. पाळकांना विचार, असला माणूस चालेल का.

दादा


१ एप्रिल

दादा,

पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, शब्द नीट पोचले म्हणजे झालं. मग म्हणाले की व्यासपीठावरच्या माणसालाही दर रविवारी पलीकडून काही ऐकू येतंच असं नाही. हे त्यांनी मला सांगितलं याचं मला फार वाटलं.

केंद्राच्या बाईंना मी नकार कळवलाय. तुला वाटेल आता सगळं सुरळीत झालं असेल. नाही झालं. अजून कोरडंच आहे. फक्त ते लपवायचं ओझं उतरलं. रविवारी खोक्यावर चढायच्या आधी त्या सहांना सांगितलं की मी आजही तशीच आहे. शिंपीणबाईंनी माझ्या पदराची सुटलेली शिवण दाखवली आणि म्हणाल्या, आण, मी घालते. विषय संपला.

सुतारबाबा घरी आलेत, चाकाच्या खुर्चीत. त्या खुर्चीचे हात चुकीच्या लाकडाचे आहेत म्हणे.

साधा गडद शर्ट आण. चौकड्यांवर हात दिसत नाहीत.

ठमी


२७ एप्रिल

दादा,

तू पहाटेच्या गाडीने न विचारता निघून गेलास. विचारायची भीती वाटली का? सांगते.

आधी तुझं. तू वाईट होतास. हात गंजलेले, खांदे ताठ, आणि वाक्यं पाळकसाहेबांच्या दोन पावलं मागे. ते मेंढपाळाबद्दल बोलत होते आणि तू, दोन्ही खुणा जवळपास सारख्या म्हणून, संपूर्ण उपदेशभर 'न्हावी' म्हणत होतास. चांगला न्हावी हरवलेल्याला शोधायला डोंगरात जातो. सातहीजण मोठमोठ्याने हसत होते, त्यांना आपला आवाज केवढा होतो ते कुठे कळतं. सगळं चर्च मागून माना उंचावून बघायला लागलं. सुतारबाबांनी एका हाताने तुला दुरुस्त केलं, तुझे कान लाल झाले, आणि तू परत चुकलास.

आता माझं. मी शिंपीणबाई आणि सुतारबाबांची खुर्ची यांच्यामध्ये बसले होते. हातांना काय करावं कळेना. तिसऱ्या मिनिटाला पाठ बाकाला टेकली. मला माहीतच नव्हतं की तो बाक इतका कडक आहे. आई तिथे तीस वर्षं बसली.

मग प्रार्थना सुरू झाली. सगळं चर्च डोळे मिटून बसतं, फक्त पहिले दोन बाक उघड्या डोळ्यांनी, कारण डोळे मिटले की प्रार्थनाच बंद. मी तुझ्या हातांकडे बघत होते. तू दुःखी माणसांसाठी, आजाऱ्यांसाठी, थकलेल्यांसाठी असं एकेक सांगत होतास, आणि थकलेल्यांवर आलास तेव्हा नुसते हात नव्हते, दादा, तुझा चेहराही त्यात होता. तुला कळलं नसेल. शिंपीणबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. शेवटी आम्ही आठजणांनी मिळून आमेन केलं. मी आजवर हजारो वेळा ती खूण केलीय, पण दर वेळी कोणाला तरी पोचवण्यासाठी. ही मी माझी केली.

एवढंच झालं. आकाश वगैरे उघडलं नाही. सोमवारी खुर्चीत बसले. काही ऐकू आलं नाही. पण मी उठून गेले नाही. आधी दोन मिनिटांत उठायची. मंगळवारी परत बसले.

तू ये अधूनमधून. मेंढपाळ शिकून ये.

ठमी


१२ मे

ठमे,

हसून हसून पोट दुखलं.

तुला एक गोष्ट सांगितलेली नाही. आमच्या गोदीत एक रंगारी आहे. जन्मापासून बहिरा. सहा वर्षं आम्ही एकाच धक्क्यावर काम करतोय. लोक त्याला ढकलून, चुटकी वाजवून, डोळ्यांपुढे हात नाचवून काम सांगतात. जेवणाच्या सुट्टीत तो दोरखंडाच्या वेटोळ्यावर एकटा बसतो. आणि सहा वर्षं मी त्याला कळू दिलं नाही की मला त्याची भाषा येते. माझ्या आईची भाषा. बघून न बघितल्यासारखं केलं.

परवा दुपारी मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. हात वर केले. मग म्हटलं, जेवलास का?

त्याने ब्रश खाली ठेवला. माझ्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे, परत हातांकडे. आणि मग तो जो सुटला, ठमे. सहा वर्षांचं साचलेलं. कोणता साहेब चोर आहे, कोणाची बायको कोणाशी बोलत नाही, माझे जोड कुठे कुठे वाकडे आहेत, सगळं त्याला माहीत. भोंगा झाला तरी आम्ही उठलो नाही. निघताना मी सांगितलं की सहा वर्षं मला हे येत होतं. मी मान खाली घातली. मग त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली, बरीच जोरात.

इथे बंदराजवळ एक लहान चर्च आहे. त्याला जायचं असतं, पण आत काय चाललंय ते कळत नाही म्हणून तो दारातून परत येतो. येत्या रविवारी त्याला घेऊन जाणार आहे. मी काय मानतो ते मी त्यालाही सांगितलंय, तुला सांगतो तसंच. अजून ठरलेलं नाही. पण तो आत बसेल आणि मी समोर उभा राहीन. जमेल का ठाऊक नाही. जमलं नाही तर पुढच्या रविवारी परत उभा राहीन. हे कोणाकडून शिकलो ते तू जाणतेस.

त्याने विचारलं, तुला ही भाषा कोणी शिकवली. म्हटलं, आईने. आणि उभं राहायला? असं त्याने नाही विचारलं, पण मीच सांगितलं, बहिणीने. कुठे असते ती, म्हणाला.

मी म्हटलं, तिच्या जागेवर.

तुझा,
दादा